बातमीतला ‘अजून’

‘किनारा’ साप्ताहिकाची शेवटची पानं गुरुवारी दुपारी क्वेकू एस्सिल्फी यांच्या टेबलावर येत. केप कोस्टच्या त्या कचेरीत निवृत्तीचं वय उलटून गेलेले ते एकटेच उरले होते. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं, आणि राहू का असं त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. ते मुद्रितं तपासत. चूक दिसली तरी आधी आपलंच काही चुकत असेल अशी धास्ती त्यांना वाटे. मग ते शब्दकोश उघडून खात्री करत आणि त्यानंतरच लाल शाईची खूण करत.

त्या गुरुवारी पानं लावणारी जॉर्जिना मुद्रित घेऊन आली आणि ठेवून परत न जाता तिथेच उभी राहिली.

“नाना, शेवटचं पान जरा नीट बघा,” ती म्हणाली.

“एरवी काय मी डोळे मिटून बघतो?”

“तसं नाही हो. बघा म्हणजे झालं.”

शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत सात नावं होती. ऑगस्टात एल्मिनाच्या किनाऱ्यावरून गेलेली होडी, तिच्यावरचे सात मच्छीमार, शनिवारी सातांचा एकत्र अंत्यविधी, सर्वांनी यावं. सातवं नाव होतं एबो क्वान्सा. एस्सिल्फींच्या बहिणीचा मुलगा.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाव तिथेच होतं.

“हे कुणी दिलं?”

“मामे क्रेन्त्सीलनं. होडीची मालकीण हो. स्वतः आली होती. म्हणाली, सातजण एका होडीतून गेले, सातांना एकत्रच निरोप द्यायचा. मी विचारलं, घराण्यांच्या प्रमुखांनी सांगितलंय ना? तर म्हणते, सहांनी सांगितलंय, सातवा तुमच्याच कचेरीत खुर्ची गरम करतोय, त्याला विचार.”

“मग तू विचारलं नाहीस.”

“कसं विचारू, नाना? तोंड उघडेना. म्हटलं पानावर टाकते. तुम्हाला काय करायचं ते पेनानं कराल.”

जॉर्जिनाही एस्सिल्फींसारखी फांती समाजातली होती, तिला सगळं ठाऊक होतं. घराण्याच्या प्रमुखानं स्वतःच्या तोंडानं ‘गेला’ म्हटल्याशिवाय माणूस गेलेला नसतो. तोवर त्याच्या आईनं रडायचं नाही, बायको विधवा होत नाही, काळं कापड कुणी अंगाला लावत नाही. प्रमुखाच्या आधी दुसऱ्या कुणी ते बोललं तर पिढ्यान्‌पिढ्या त्याचं नाव निघतं. घराणं आईकडून चालतं, त्यामुळे एबो बापाचा जेवढा होता त्याहून जास्त मामाचा होता. आणि मामा म्हणजे हेच, लाल पेन हातात धरून बसलेले.

त्यांनी सातवं नाव काढलं. ‘सात’ होतं तिथे ‘सहा’ केलं. मग चौकटीच्या बाहेर, खाली, बारीक अक्षरात, होडी गेल्यापासून दर गुरुवारी टाकत तशीच ओळ पुन्हा लिहिली. ‘याच होडीवरचा एबो क्वान्सा अजून परतलेला नाही.’

जॉर्जिनानं ती वाचली. “बरं,” एवढंच म्हणाली आणि पान घेऊन गेली.

त्यांच्या टेबलावर त्या दिवसांत जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे पडलेले असत. ‘किनारा’ला चाळीस वर्षं होत होती. संपादकांनी विशेषांकासाठी त्यांना एक काम दिलं होतं. एखादा रोजच्या वापरातला शब्द घ्यायचा, चाळीस वर्षांच्या बातम्यांत आणि रविवारच्या पुरवण्यांत तो कुठे कुठे कसा आलाय ते बघायचं, आणि थोडं हलकंफुलकं लिहायचं. होडी बेपत्ता व्हायच्या आधी एस्सिल्फींनी ‘बाजार’ हा शब्द धरला होता. नंतर तो बाजूला पडला आणि त्यांची नजर आपोआप दुसऱ्याच शब्दावर थांबू लागली.

‘अजून’ सगळीकडे होता. पुलाची दुरुस्ती अजून सुरू झालेली नाही. विजेचे खांब उभे आहेत, वीज अजून आलेली नाही. मंत्र्यांनी अजून प्रतिक्रिया दिलेली नाही. एका गावच्या दवाखान्याचं छप्पर एस्सिल्फी नोकरीला लागले तेव्हा ‘अजून’ व्हायचं होतं, आणि गेल्या ख्रिसमसच्या अंकातही ते ‘अजून’ व्हायचंच होतं. पुरवण्यांत त्याचा थाट वेगळा असे. साठीची गायिका अजून तशीच देखणी. आजीच्या हातची पाम तेलातली आमटी अजून जिभेवर. तिथे तो शब्द नटूनथटून यायचा.

होड्यांच्या बातम्यांत मात्र तो फार टिकत नसे. पहिल्या आठवड्यात अजून परतलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात शोध अजून सुरू आहे. मग बातमी आखूड होई, आतल्या पानावर जाई, आणि एका शुक्रवारी ती नसेच. तो शब्द कुणी ठरवून काढलेला नसे. कुणी छापून सांगितलेलंही नसे की आता वाट बघणं थांबवा. एस्सिल्फींनी टिपणात लिहिलं, ‘रस्त्याच्या वाट्याला जेवढा ‘अजून’ येतो, तेवढा माणसाच्या वाट्याला येत नाही.’ लिहिलं आणि लगेच खोडलं. हलकंफुलकं लिहायचं होतं.

एबो महिन्यातून एखाद्या मंगळवारी त्यांच्याकडे येई, कारण मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही. येताना मासे आणी. भिंतभर पुस्तकांकडे बघून म्हणे, “मामा, हे सगळं माझ्या वाट्याला येणार ना? बरं झालं. होडीला वजन कमीच पडतं.” आणि एस्सिल्फी खोटंखोटं रागावत. भाच्याशी त्यांचं बोलणं तेवढंच. बाकी ते दोघं गुपचूप जेवत.

शनिवारी सकाळी ते एल्मिनाला बहिणीकडे गेले. अराबा त्यांच्याहून मोठी. मातीच्या भट्टीवर मासे धुरीवर लावून ती पाटावर बसली होती. डोळे धुरानं लाल झालेले, पण ते तर वर्षानुवर्षं तसेच होते.

“ये रे क्वेकू. वाळलास की. तुमच्या कचेरीत जेवणाऐवजी शाई पितात का?”

“तू बरी आहेस ना ताई?”

“मला काय धाड भरलीय? बस. अबा, कालचा अंक आण गं. मामा आलेत, त्यांच्यासमोर वाच. चुकलीस तर कान धरतील.”

अबा म्हणजे एबोची बायको. लग्नाला दोन पावसाळेही झाले नव्हते. ती आतून अंक घेऊन आली, उभ्यानंच शेवटचं पान उघडलं, बोट ठेवलं. सहा नावांची चौकट तिनं गाळली. खालची ओळ वाचली. ‘अजून’पाशी तिचा आवाज किंचित अडला, जसा पायरी चुकल्यावर पाय अडतो.

“बघ,” अराबा म्हणाली. “पेपरात आहे.” आणि मासे उलटायला वळली.

शामा गावाच्या बाजूला किनाऱ्याला लागलेल्या फळीबद्दल ती बोलली नाही. ती फळी सगळ्यांनी पाहिली होती. हिरव्या रंगावर पिवळ्या अक्षरांत होडीचं अर्धं नाव. सहा घरांनी त्या फळीला हात लावला आणि घरी जाऊन केस सोडले. अराबा त्या दिवशी किनाऱ्यावर गेलीच नव्हती.

दुपारी अंत्यविधी झाला. प्रेतं नव्हतीच. सहा शवपेट्यांत सहांचे कपडे, एकाची बासरी, एकाचे फुटबॉलचे बूट. काळ्या-लाल कापडांनी किनारा भरून गेला होता. ढोल वाजत होते, माणसं हात डोक्यावर घेऊन नाचत-रडत होती. त्या सगळ्यांच्या कडेला, उलट्या घातलेल्या एका होडीपाशी, अबा निळ्या फुलांच्या साध्या कापडात उभी होती. तिला काळं नेसता येत नव्हतं. विधवांच्या ओळीत ती बसू शकत नव्हती, आणि ज्यांचे नवरे त्या दिवशी घरी होते त्या बायकांतही तिला कुणी बोलावत नव्हतं.

मामे क्रेन्त्सील एस्सिल्फींना शोधत आली. जाडजूड बाई, आवाज ढोलावरून ऐकू जाणारा.

“काय हो कागदवाले? सहाच ना? मी सात सांगितले होते.”

“माझ्या घराण्याचं मी बघीन, मामे.”

“बघा की. तिकडे बघा.” तिनं हनुवटीनं अबाकडे दाखवलं. “ती पोर ना इकडची ना तिकडची. शेजारणी म्हणतात, नवऱ्याची हौस नव्हती म्हणून रडत नाही. मी त्यांची तोंडं बंद करते, पण मी काय रोज तिथे असते? होडी माझी होती. त्या सातांना मी रोज शिव्या घालून समुद्रावर धाडायचे. तुम्हाला वाटतं मला झोप येते?”

तिचा आवाज एकदम खाली आला होता. एस्सिल्फींना कुठेच पटकन सुचत नसे. नंतर, घरी नेणाऱ्या ट्रोट्रो गाडीत खिडकीशी बसल्यावर, उत्तरं सुचत.

ते अबाजवळ गेले.

“घरी जायचं का?” त्यांनी विचारलं.

“आईचे दोन निरोप आलेत, मामा. सॉल्टपाँडला ये म्हणते. पण कशी जाऊ? नवरा समुद्रावर असताना बायको माहेरी गेली तर लोक काय म्हणतील? आणि नवरा नसेल तर...” ती थांबली. “सासूबाई रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीचं मक्याचं केंके बाजूला ठेवतात. सकाळी मी खाते. दुसरं कोण खाणार?”

“ताईशी बोलू का मी?”

“मला विचारू नका, मामा. मी वाट बघून दमलेय एवढं खरं. पण तुम्ही ते वाक्य काढलंत तर त्या कशा उठतील सकाळी, ते मला ठाऊक नाही.” मग किनाऱ्यावरच्या माणसांकडे बघत ती म्हणाली, “दर शुक्रवारी तो शब्द मलाच वाचावा लागतो. बाकी काही नाही.”

पुढच्या गुरुवारी पान आलं तेव्हा त्या ओळीची जागा रिकामी होती. जॉर्जिनानं तेवढी जागा सोडून ठेवली होती. एस्सिल्फी बराच वेळ त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसले. त्यांना वाटलं, आपण भित्रे आहोत म्हणून इतके दिवस लिहीत राहिलो. लगेच वाटलं, भित्रे आहोत म्हणूनच आता लिहीत नाही. तोंडानं सांगायला नको, पानानं सांगावं. जॉर्जिनाचं त्या दिवशी तोंड उघडेना म्हणून तिनं पानावर टाकलं, तेच आपणही करतोय. पेन कागदाला टेकलं होतं. तिथे लाल ठिपका पसरला.

“इथे काय टाकू, नाना?” जॉर्जिनानं विचारलं.

“भरतीच्या वेळा टाक,” ते म्हणाले.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. एल्मिनाहून कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही. त्यांनी मनाशी कल्पना केली होती की अराबाला कळलं असेल, ती रडली असेल, अबानं तिला सावरलं असेल, आणि आपण गेलो की सगळे आपल्याला प्रमुख म्हणून फक्त पुढचं विचारतील. मंगळवारी सकाळी त्यांनी पिशवीत दारूची एक बाटली घेतली, पूर्वजांसाठी जमिनीवर ओतायला लागते ती, आणि ट्रोट्रो पकडली.

होड्या वाळूवर रांगेनं ओढलेल्या होत्या. पुरुष जाळी दुरुस्त करत बसले होते. अराबा नेहमीसारखी भट्टीशी होती.

“आलास? आज मंगळवार, मला वाटलंच.” तिचा स्वर रोजचाच होता. “बस. अबा तुला पाणी देईल.”

एस्सिल्फी बसले. “शुक्रवारचा अंक वाचला का ताई?”

“वाचला की. अबानं वाचला.”

“काय होतं?”

“नेहमीचंच. अजून परतलेला नाही.”

अबा पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. ती पोर रिकाम्या पानावर बोट ठेवून, भरतीच्या वेळांवर बोट ठेवून, तो शब्द वाचत होती. जो वाचून ती दमली होती तोच.

ते उठून तिच्याजवळ गेले. “का वाचलंस?” हळू आवाजात विचारलं.

“मग काय वाचू?” तीही तेवढ्याच हळू म्हणाली. “सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. भरती पहाटे, ओहोटी दुपारी, हे वाचू? तुम्ही काढलंत, मामा. काढणं सोपं आहे. इथे वाचायला मी होते.”

यावेळी उत्तर ट्रोट्रोत सुचेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. ते परत बहिणीपुढे येऊन बसले, जमिनीवरच.

“ताई, या आठवड्यात ते वाक्य छापलेलं नव्हतं.”

अराबानं मासा उलटला. मग दुसरा उलटला.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

दारात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“मला वाचता येत नाही, क्वेकू. बघता येतं. आजवर ती पानात बघून वाचायची आणि त्या शब्दाला अडखळायची. परवा माझ्याकडे बघून वाचलंन, आणि न अडखळता. तेव्हाच कळलं.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलू? तिला? तिनं माझ्यासाठी एवढं केलं, तिला खोटी पाडू?” अराबानं चिमटा बाजूला ठेवला. “आणि त्याआधी तू छापत होतास. दर शुक्रवारी. प्रमुख तू. मी म्हटलं, हा वाट बघतोय. लहान भाऊ आहे, त्याला ना बायको ना पोर, त्या पोरावर जीव होता. त्याला एकट्याला कशी वाट बघू द्यायची? म्हणून मीही बघत बसले. केंके ठेवत बसले.”

“मी तर तुझ्यासाठी छापत होतो, ताई.”

अराबा त्यांच्याकडे बघत राहिली. हसल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर आलं, आणि ते हसू झालं नाही. “बघा रे देवा,” ती पुटपुटली. “आणि ही पोर आपल्या दोघांत भरडली गेली.”

भट्टीतला एक मासा करपत होता, त्याचा वास येत होता, पण कुणी उठलं नाही.

“ते लोक फळी घेऊन आले त्या दिवशी मी गेले असते ना,” अराबा शेवटी म्हणाली, “तर तिथेच बसले असते वाळूत. उठलेच नसते. म्हणून गेले नाही. मला ठाऊक आहे रे. आईला ठाऊक असतं. पण आईनं बोलायचं नसतं. ते तुझं काम. सांग आता.”

“ताई...”

“सांग. पेपरात नको. मला तोंडानं सांग.”

एस्सिल्फींनी बाटली काढली. झाकण फिरेना, अबानं पुढे होऊन ते उघडून दिलं. त्यांनी थोडं जमिनीवर ओतलं. आजोबांचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं. पुढचं वाक्य दोन शब्दांचं होतं. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं तपासली होती, आणि याहून लहान वाक्य त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं.

“एबो गेला.”

अराबानं डोक्यावरचं फडकं सोडलं. तिच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले, आणि गल्लीतल्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. त्यातल्या दोघींनी अबाला धरलं, तिला खाली बसवलं, तिचे केस मोकळे केले. पहिल्यांदाच तिला कुणीतरी आपल्यात घेतलं होतं. ती रडत होती की नाही ते एस्सिल्फींना दिसलं नाही, मध्ये इतक्या पाठी होत्या.

त्यांना तिथे थांबून चालणार नव्हतं. घराण्यातल्या घरोघरी प्रमुखानं स्वतः जाऊन सांगायचं असतं. फोन चालत नाही, निरोप चालत नाही. ते पिशवी घेऊन चढ चढू लागले. पहिलं घर मावशीची मुलगी एकुआ हिचं, चर्चच्या मागे. रडण्याचा आवाज तिथवर पोचत नव्हता.

एकुआ दारातच केंकेची पानं सोलत बसली होती. त्यांना बघून तिचा चेहरा खुलला.

“अगंबाई, प्रमुख. आज इकडे वाट चुकलात? या, या. अगदी वेळेवर आलात, केंके गरम आहे. आधी बसा, मग काय ते बोला. उपाशी माणसाचं मी ऐकत नाही.”

एस्सिल्फी बसले. तिनं त्यांच्यासाठी स्टूल पुसलं होतं. तिला पानं उलगडू दिली, तळलेला मासा वाढू दिला, मिरची वाटून वाटीत काढू दिली. ती मुलीच्या परीक्षेबद्दल काहीतरी सांगत होती, ते पूर्ण सांगू दिलं. मग तिनं हात धुवायला पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी हात पुढे केले नाहीत.

एकुआ भांडं धरून थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग तिनं ते हळूच जमिनीवर ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसली.